आधी ब्रेक, मग पाती

तापीच्या खोऱ्यात केळी लावणारा माणूस वाऱ्याला कधीच जमेच्या बाजूला धरत नाही. बागेच्या कडेला शेवरीचा नाहीतर गजराज गवताचा आडोसा उभा करायचा, घड वजनाला आला की झाडाला बांबूचा टेकू द्यायचा किंवा पट्ट्यांनी झाडे एकमेकांना बांधून टाकायची, आणि एवढे करूनही वैशाख-ज्येष्ठात एखाद्या दुपारी आभाळ काळे-पिवळे झाले की बांधावर हताश उभे राहायचे. बऱ्हाणपूर, रावेर, मुक्ताईनगर या पट्ट्यात उन्हाळा सरता सरता आडव्या झालेल्या बागांचे फोटो पेपरात येतात, पंचनामे होतात, आणि पुढच्या हंगामात पुन्हा लागवड होते. त्यामुळे खकनार तालुक्यातल्या डोईफोडियासारख्या गावात कुणी म्हणाला, की मी मळ्यात वाऱ्यावर वीज काढणार, तर ओट्यावरची मंडळी किती निघेल ते आधी विचारणार नाहीत. वादळात त्या यंत्राचे काय करशील, हे विचारतील.

प्रश्न अगदी योग्य आहे. घरगुती पवनचक्कीवरचे बहुतेक लिखाण मात्र त्याच्या उलट बाजूने सुरू होते. पाती कशी तासायची, लोहचुंबक कुठून आणायचे, कॉइलला किती वेढे द्यायचे, आणि शेवटच्या पानावर ‘सुरक्षितता’ नावाचा एक आखूड परिच्छेद. या पुस्तिकेत क्रम बदलला आहे. यंत्र थांबवायचे कसे हे ठरल्याशिवाय फिरवायचे कसे याला हात घालायचा नाही. सुमारे अडीच मीटर व्यासाची, बॅटरी भरणारी, गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात आणि मोटार वाइंडिंगवाल्याच्या टेबलावर बनू शकेल अशी चक्की हा या पुस्तिकेचा विषय आहे. पण वाचकाने एवढे ध्यानात ठेवावे, की हिच्या अर्ध्याहून जास्त पाने त्या चक्कीला आवरण्यावर खर्ची पडली आहेत.

आता आपल्या वाऱ्याबद्दल खरे बोलू. मोठ्या पवनचक्क्या जिथे आहेत त्या जागा पाहा. कोकणात देवगड-जामसंडे, साताऱ्यात वनकुसवडे आणि चाळकेवाडीचे पठार, धुळ्यात ब्राह्मणवेल, मध्य प्रदेशात देवासजवळ जामगोदरानीची टेकडी. समुद्राची कड, नाहीतर उघडे पठार. डोईफोडिया यातले काहीच नाही. सातपुड्याच्या पायथ्याची ही जागा, शेतांच्या बांधावर झाडे, वस्तीजवळ चिंच-कडुलिंब. हिवाळ्यात दिवसचे दिवस वारा नावापुरता असतो. देशात वारा कुठे किती वाहतो याचा नीट हिशेब अॅना मणी आणि डी. ए. मुळे यांनी १९८३ साली पुस्तकरूपाने मांडला, आणि तेव्हापासून एक गोष्ट कुणी नाकारलेली नाही: वारा अंदाजाने धरायचा नसतो, मोजायचा असतो. निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा जागेवर वारामापक लावल्याशिवाय लोखंड विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शुद्ध पैशाचाच हिशेब करायचा असेल तर सौर पॅनेल स्वस्त पडते, कटकट कमी, आणि वर चढावे लागत नाही. ज्याला फक्त दिवा हवा त्याने पॅनेल घ्यावे आणि ही पुस्तिका शेजाऱ्याला द्यावी.

मग चक्की कशाला? एक म्हणजे आषाढ-श्रावणात झाकोळ धरला की पॅनेल रुसते, आणि नेमका तेव्हाच पश्चिमेचा वारा रात्रंदिवस चालू असतो. रानडुकरांच्या भीतीने मळ्यात जागणाऱ्या माणसाला त्या दिवसांत खोपीत दिवा आणि मोबाईलला चार्जिंग मिळाले तरी पुष्कळ. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. या भागात बोअरच्या मोटारी इतक्या आहेत, की मोटार भरणारा कारागीर मोठ्या गावात हमखास सापडतो. वेल्डर आहे, लेथ आहे, सुतार आहे. हे हात एकत्र आले तर काय होते याचा इतिहास जगात आहे, आणि तो ब्रेकचाच इतिहास आहे.

डेन्मार्कमध्ये आस्कोव्ह नावाच्या गावी पॉल ला कूर या शिक्षकाने १८९१ साली पवनचक्कीतून वीज काढली आणि पुढे खेड्यातल्या पोरांना वीजतंत्री करण्याचे वर्ग चालवले. १९०४ साली त्या वर्गात सतरा वर्षांचा योहानेस यूल हा मुलगा होता. त्याच यूलने १९५७ साली गेडसर येथे २०० किलोवॅटची चक्की उभी केली. तिच्या पात्यांची टोके गती बेफाम झाली की आपोआप आडवी वळत आणि हवेला अडवत. विजेची गरज नाही, माणसाची गरज नाही. ती चक्की मोठ्या दुरुस्तीशिवाय अकरा वर्षे चालली. सत्तरच्या दशकात तेलाचे भाव भडकले तेव्हा क्रिश्चन रीसागर या सुताराने यूलच्याच धाटणीवर आपली चक्की बनवली. मग लोहार, शेतकरी, शाळामास्तर असे अनेक जण त्यात उतरले. काही यंत्रे वादळात सुटलीही. तेव्हा चक्कीमालकांच्या संघटनेने आणि रिसो येथील पवनचक्की चाचणी केंद्राने एक अट घट्ट धरली: एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन ब्रेक. एक बिघडला तर दुसऱ्याने थांबवले पाहिजे. या अटीतून जे यंत्र घडले तेच पुढे जगभर विकले गेले. पाती जर्मनीत आणि अमेरिकेतही उत्तम बनत होती. गावठी डॅनिश यंत्र टिकले, कारण त्याला थांबता येत होते.

आणि मोठ्या कंपनीच्या यंत्रालाही यातून सुटका नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये डेन्मार्कमध्येच होर्नस्लेटजवळ एका चक्कीचा ब्रेक निकामी झाला, ती वाऱ्यात सुसाट सुटली आणि अखेर तिचे तुकडे उडाले. त्याचे चित्रीकरण उपलब्ध आहे. चक्की बनवू पाहणाऱ्या प्रत्येकाने ते बॅटरी विकत घेण्याआधी पाहावे.

थोडे गणित केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. वाऱ्याची ताकद त्याच्या वेगाच्या घनाने वाढते. २.४ मीटर व्यासाच्या चक्कीसमोरचे वर्तुळ साडेचार चौरस मीटरचे. आपल्याकडची उन्हाळी हवा पातळ, घनमीटरला साधारण १.१ किलो धरा. वारा सेकंदाला ३ मीटर असेल तर त्या वर्तुळातून ७० वॅटच्या आसपास ताकद वाहते. बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९१९ साली दाखवल्याप्रमाणे त्यातले ५९.३ टक्क्यांहून अधिक कुणालाच काढता येत नाही, आणि घरगुती यंत्राच्या हाती त्याच्या निम्मेही क्वचित लागते. म्हणजे पंधरा-वीस वॅट. वारा ६ मीटर झाला तर वर्तुळात साडेपाचशे वॅट. १२ मीटरला, म्हणजे ताशी ४३ किलोमीटरला, सव्वाचार किलोवॅट. २४ मीटरला चौतीस किलोवॅट. आता इमारतींवरच्या वाऱ्याच्या भारासाठीचे भारतीय मानक आयएस ८७५ उघडा: देशातल्या सर्वांत सौम्य पट्ट्यासाठीसुद्धा ते सेकंदाला ३३ मीटरचा झोत धरायला सांगते. त्या झोतात आपल्या वर्तुळातून नव्वद किलोवॅटच्या घरात ताकद जाते. ज्या यंत्राचे जनित्र कसेबसे ७०० वॅट झेलते, त्याच्या तोंडावर नव्वद किलोवॅट.

इथे या प्रदेशाची खरी गोम आहे. वारा कमी म्हणून माणूस पाती लांब करतो, यंत्र हलके करतो, बेअरिंग सैल ठेवतो, म्हणजे झुळकीवरही फिरावे. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर जोरदार वाऱ्यात राहणारा माणूस यंत्र आधीच दणकट बांधतो, कारण वारा त्याला रोज धाक दाखवतो. आपल्याकडे वर्षातले तीनशे दिवस तो काहीच दाखवत नाही. मग एका दुपारी पंधरा मिनिटांत सगळे दाखवतो. मंद वाऱ्याच्या गावाला ब्रेकची गरज जास्त, असे मी म्हणतो ते एवढ्यासाठी. लोकांना हे उलटे वाटते, वाटू द्यावे.

सुटलेली चक्की म्हणजे नेमके काय, तेही आकड्यांत पाहू. चांगल्या पात्याचे टोक वाऱ्याच्या पाच-सहापट वेगाने धावते. १० मीटर वाऱ्यात मिनिटाला ४८० फेरे, टोकाचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. दीड किलोचे एक पाते, त्याचा गुरुत्वमध्य आसापासून ४० सेंटिमीटरवर. ४८० फेऱ्यांना ते मुळाशी दीडशे किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढते. फेरे दुप्पट झाले की ओढ चौपट, म्हणजे सहाशे किलो. हा सगळा भार सहन करायला आहेत चार बोल्ट, दोन प्लायवूडच्या चकत्या आणि तुम्ही निवडलेल्या लाकडाचे रेषे. त्यातच यंत्राने वेगात असताना झटकन तोंड फिरवले तर पात्यांच्या मुळांना आणखी एक पीळ बसतो. फिरता भोवरा दिशा बदलायला विरोध करतो, त्याच नियमाने. पाते तुटते ते बहुधा अशा क्षणी, आणि एक तुटले की उरलेली दोन असंतुलित होऊन खांबच हलवतात.

आता पहिला ब्रेक. विजेचा. कुठलाही नवा कारागीर हा प्रयोग आधी टेबलावर करतो आणि करावाच. दोन पोलादी चकत्या, त्यांवर चिकटवलेले निओडिमियमचे चुंबक, मध्ये रेझिनमध्ये ओतलेल्या तांब्याच्या कॉइल, आणि बाहेर आलेल्या तीन तारा. तारा मोकळ्या असताना चकती बोटाने फिरवा: भिरभिरत राहते. तिन्ही तारांची सोललेली टोके एकत्र पिळा आणि पुन्हा फिरवा. काकवीच्या कढईत हात घातल्यासारखे वाटते. जोर लावाल तर फिरते, पण सोडले की जागच्या जागी थांबते. चुंबक फिरले की कॉइलमध्ये वीज येते, विजेला वाट मिळाली की ती चुंबकालाच उलटा रेटा देते. घासणारा भाग नाही, झिजणारे पॅड नाही. म्हणून फिरणारी घरगुती चक्की थांबवायचा पहिला उपाय म्हणजे तीन फेज शॉर्ट करणे.

पण यात तीन खाचखळगे आहेत आणि तिन्हींनी यंत्रे जाळली आहेत. शॉर्ट करायचा स्विच रेक्टिफायरच्या अलीकडे, चक्कीकडच्या तीन तारांवर हवा. पलीकडे, डीसीच्या बाजूला केला तर बॅटरीच शॉर्ट होते, आणि बॅटरीतून येणारा प्रवाह तार वितळवतो. अलीकडे केला तर डायोड बॅटरीला मागे येऊ देत नाहीत, त्यामुळे बॅटरी आधी सोडवायचीही गरज नाही. याच कारणाने चेंजओव्हर स्विच वापरू नये. त्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाताना मधल्या क्षणी चक्की मोकळी सुटते. साधा तीन पोलचा, भरपूर अँपिअरचा, एकदा बंद केला की बंद राहणारा स्विच बरा.

दुसरे, वेळ. शॉर्टचा रेटा वेगाबरोबर वाढतो, पण एका मर्यादेपर्यंतच. चक्की आधीच सुसाट असेल तर कॉइलच्या आतला विरोध आड येतो, रेटा वाढण्याऐवजी कमी होऊ लागतो, आणि पाती थांबत नाहीत. तेवढ्या वेळात सगळी ताकद कॉइलमध्ये उष्णता होऊन साठते. इनॅमल जळाले की कॉइल गेली, कॉइल गेली की ब्रेकही गेला. साध्या प्रतीचा निओडिमियम ८० अंशांच्या वर तापला तर त्याची चुंबकशक्ती कायमची उतरू लागते, आणि आपल्याकडे मे महिन्यात उन्हातले लोखंड आधीच हात लावू देत नाही. म्हणून वादळाचा ढग दिसला की स्विच टाकायचा. वादळ डोक्यावर आल्यावर नाही. उशीर झालाच तर दोन झोतांमधली उसंत पाहून टाकायचा.

तिसरे, तार. खांबापासून खोपीपर्यंत साठ-सत्तर मीटर बारीक तार ओढली आणि स्विच खोपीत लावला, तर त्या तारेचा विरोध ब्रेकला कमकुवत करतो. तार जाड घ्यावी, नाहीतर एक स्विच खांबाच्या पायथ्याशीच बसवावा. बारा व्होल्टचा मोह सोडून २४ किंवा ४८ व्होल्टची यंत्रणा केली तर हा प्रश्न बराच हलका होतो.

यापेक्षा मोठी चूक मात्र ब्रेक न लावण्याची नाही, ओझे काढून घेण्याची आहे. सौर पॅनेलच्या चार्ज कंट्रोलरला चक्की जोडली तर बॅटरी भरताच तो वाट बंद करतो. पॅनेलला त्याचे काही वाटत नाही, ते उन्हात गप्प बसते. चक्कीचे ओझे गेले की ती धावत सुटते, व्होल्ट चढतात, कंट्रोलर जळतो आणि आता तिला आवरायला काहीच उरत नाही. चक्कीला बॅटरी भरल्यावरही खाणारे तोंड हवे: फाजील वीज हीटरमध्ये वळवणारा कंट्रोलर आणि चक्कीच्या सगळ्यात मोठ्या उत्पादनापेक्षा मोठा हीटर. आणि कुणी म्हणेल की घरातली पाणी तापवायची १५०० वॅटची कॉइल लावू, तर ती २३० व्होल्टची आहे. २४ व्होल्टवर ती जेमतेम १६ वॅट खाते. हे गणित न करता कॉइल लावणारे पुष्कळ असतात. दिसायला सगळे जोडलेले असते, आणि अडवणारे काहीच नसते.

दुसरा ब्रेक यंत्राने स्वतःच लावायचा. स्कॉटलंडमध्ये स्कोरेग नावाच्या, विजेच्या तारा न पोचलेल्या भूशिरावर राहणाऱ्या ह्यू पिगट यांनी गेली काही दशके घरगुती चक्कीची जी रचना घडवली आणि मोकळेपणाने वाटली, तिचे मर्म मला विचाराल तर जनित्रात नाही, शेपटीत आहे. त्यांची आधीची यंत्रे गाड्यांच्या ब्रेक ड्रमपासून बनलेली होती, हाही एक योगायोगच. आपल्या देशात ऑरोविलच्या मिनवायू गटाने त्याच धाटणीच्या चक्क्या बनवल्या आणि शिकवल्या.

ती शेपूट अशी. पात्यांचा आस खांबाच्या मध्यावर नसतो, थोडा एका बाजूला सरकवलेला असतो. त्यामुळे वारा पात्यांना रेटतो तेव्हा सगळे डोके वाऱ्याच्या बाहेर वळू पाहते. शेपूट त्याला धरून ठेवते. पण शेपूट पक्की वेल्ड केलेली नसते. ती एका बिजागरीवर असते, आणि ही बिजागरी म्हणजे एकात एक बसणाऱ्या दोन पाइपांचे तुकडे, उभ्या रेषेपासून सुमारे वीस अंश कललेले. कललेल्या बिजागरीवर शेपूट बाजूला फिरली की ती वरही उचलली जाते. म्हणजे तिचे स्वतःचे वजन तिला खाली, जागेवर ओढत राहते. वारा बेताचा असेल तोवर वजन जिंकते. वारा ठरलेल्या जोरापलीकडे गेला की शेपूट उचलते, डोके आडवे होते, पात्यांचे तोंड वाऱ्यापासून वळते, चाल मंदावते. वारा ओसरला की शेपूट आपल्या वजनाने घसरत परत खाली येते आणि चक्की पुन्हा समोर. स्प्रिंग नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही.

तपासणी साधी आहे आणि खांब उभा करण्याआधी जमिनीवरच करायची. शेपूट हाताने उचलून बाजूला न्या आणि सोडा. ती स्वतःहून, न अडखळता, ठरलेल्या थांब्यावर आली पाहिजे. पावसाळ्यानंतर पाइपात गंज धरला तर ती अर्ध्यावर अडकते. मग एक तर चक्की कायम आडवी राहते, नाहीतर वादळातही समोर. म्हणून तिथे ग्रीस, वरून टोपी, आणि खाली पाणी निघायला भोक. एक सवय मात्र कटाक्षाने मोडायला हवी. वीज थोडी वाढावी म्हणून शेपटीला वीट बांधणारे लोक आहेत. वजन वाढले की शेपूट उशिरा उचलते, यंत्र जास्त वारा झेलते, मीटरवर आकडा खुश करतो. तो आकडा ब्रेक विकून मिळालेला असतो.

डिस्क किंवा ड्रमचा यांत्रिक ब्रेक लावू का, असे प्रत्येक वेल्डर विचारतो, कारण मोपेडचे सामान हाताशी असते. लावावा, पण थांबलेली चक्की बांधून ठेवण्यापुरता. सुटलेल्या चक्कीची ताकद दुचाकीच्या पॅडांच्या आवाक्याबाहेरची आहे, आणि डोके वाऱ्याबरोबर गोल फिरत असताना खालून केबल नेणे ही वेगळीच डोकेदुखी. त्यापेक्षा शेपूट खालून ओढून मिटवता येईल अशी दोरी आणि तिला छोटी विंच हा पाणी उपसणाऱ्या जुन्या चक्क्यांचा उपाय मला जास्त भरवशाचा वाटतो.

आणि तिसरा उपाय, ज्याला कुणी ब्रेक म्हणत नाही: खांब आडवा करता येणे. चार बाजूंनी तणावे, पायाशी बिजागरी, बाजूला आडवा टेकूचा पाइप आणि विंच किंवा ट्रॅक्टर. वादळाचा इशारा आला तर दोन माणसांनी तासाभरात चक्की जमिनीवर आणून ठेवायची. काम चक्की थांबवून, शांत हवेत करायचे, आणि खांब पडू शकेल त्या रेषेत कुणी उभे राहायचे नाही. केळीच्या झाडांना आपण बांधून ठेवतो, खांबाला झोपवून ठेवायचे. बाकी धोरण तेच. वर चढून दुरुस्ती करणे या पुस्तिकेत कुठेच सांगितलेले नाही, आणि ते विसरून राहिलेले नाही.

बांधणीची प्रकरणे वाचकाने सावकाश वाचावीत, इथे दोनच गोष्टी. पात्यांना सागवान मजबूत पण जड. शिवणीचे लाकूड हलके असते आणि पावसापाण्याने फारसे वाकत-फुगत नाही, म्हणून माझा कल शिवणीकडे. लाकूड आरागिरणीतून पावतीसह घ्यावे. सातपुड्याच्या जंगलांनी कुऱ्हाडी पुष्कळ सोसल्या आहेत, पवनचक्कीच्या नावाने आणखी एक नको. पीव्हीसी पाइपाची पाती फुकटात होतात, पण दोन उन्हाळ्यांत ठिसूळ होतात आणि तुटताना सांगून तुटत नाहीत. दुसरे, चुंबकाच्या दोन चकत्या एकमेकींना शेकडो किलोच्या जोराने ओढतात. त्या हाताने जवळ आणायच्या नसतात. तीन लांब आट्याच्या दांड्यांवर, पान्याने, एका वेळी थोडे थोडे उतरवायच्या. मध्ये बोट सापडले तर बोट जाते. मुले, घड्याळे आणि मोबाईल त्या खोलीबाहेर.

मलावीतल्या विल्यम कामक्वाम्बाची गोष्ट आता शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. २००१-०२ च्या दुष्काळानंतर सायकलचा डायनामो, ट्रॅक्टरचा पंखा आणि वितळवून सपाट केलेले पीव्हीसी पाइप घेऊन त्याने घरात दिवा लावला. सांगणारे दिव्यापाशी थांबतात. त्याच मुलाने तारा एकमेकींना चिकटून छपराला आग लागू नये म्हणून खिळे आणि चुंबक वापरून स्वतःचा सर्किट ब्रेकर बनवला होता, हे फार कमी जण सांगतात. मला त्याच्या हुशारीची खरी खूण तिथे दिसते.

राहता राहिला तो घरच्यांचा प्रश्न. चक्की बनवणारा बहुधा एकटा असतो, आणि वादळ येते दुपारी चारला, जेव्हा तो बऱ्हाणपूरला सामान आणायला गेलेला असतो. म्हणून ब्रेकचा स्विच घरातल्या म्हातारीच्या आणि बारा वर्षांच्या मुलीच्या हाताला पोचेल इतक्या उंचीवर हवा. त्यावर ‘चालू’ आणि ‘थांब’ असे मराठीत आणि हिंदीत, रंगाने, मोठ्या अक्षरांत लिहावे. मळ्यात कोरकू बोलणारे कुटुंब राहत असेल तर त्यांना प्रत्यक्ष टाकून दाखवावे. महिन्यातून एकदा, बेताच्या वाऱ्यात, घरातल्या प्रत्येकाने तो स्वतः टाकावा आणि पाती मंदावताना पाहावीत. स्विच टाकूनही पाती मंदावली नाहीत तर खांबाकडे धावायचे नाही, दोरी ओढायला जायचे नाही, जनावरे सोडवायलाही त्या बाजूला जायचे नाही. पात्यांच्या फिरण्याच्या रेषेपासून बाजूला, पक्क्या भिंतीआड, वारा पडेपर्यंत थांबायचे. यंत्र पुन्हा बनवता येते. त्याची सगळी मापे पुढच्या प्रकरणांत दिलेली आहेत.